आमची वाटचाल : जुन्या नाशकातली दुकानं आणि आमचा चुना

आमचं घराणं सुतारांचं. आजोबा भांडी बाजारात, मेन रोडवर दुकानांच्या फळ्या, दारं, जिने करून द्यायचे. वडिलांनी गवंडीकाम जोडलं, मी चुन्याचं. आज आमची छोटी फर्म जुन्या नाशकातल्या दुकान-इमारतींचीच दुरुस्ती करते.

या इमारतींची घडण वाड्यांवरून आलेली आहे. सराफ बाजाराजवळचा पेशवेकालीन सरकारवाडा पाहा : खाली काळा दगड, वर सागवान. व्यापाऱ्यांनी ऐपतीप्रमाणे तीच रीत उचलली. दगडी जोतं, त्यावर ओटा आणि दुकान, मागे कोठार, माडीवर बिऱ्हाड. गोदावरी हाकेच्या अंतरावर असताना जोतं उंच घेणं हा शहाणपणा होता. २०१६ आणि २०१९च्या पुरात सराफ बाजारात पाणी शिरलं, ते आम्ही सगळ्यांनीच पाहिलं.

१८६०च्या दशकात रेल्वे आली, १८६४मध्ये नगरपालिका झाली. स्टेशन गावापासून लांब, म्हणून पुढे स्टेशन ते गाव घोड्यांची ट्रामही धावली. लांबचा माल रेल्वेने येऊ लागला, तसे लोखंडी गर्डर, मंगळुरी कौलं, बिडाचे नक्षीदार कठडे बाजारपेठेत दिसू लागले. त्यामुळे या काळातलं एखादं दुकान उघडून पाहिलं, तर मागचा भाग अस्सल वाड्याचा आणि रस्त्याकडचा सज्जा नव्या धाटणीचा, असं सापडतं. मला हीच दुकानं सगळ्यात जास्त आवडतात. दोन्ही काळांचे कारागीर एकाच भिंतीत भेटतात.

या भिंतींचा खरा घात सिमेंटने केला. जुनी भिंत दगड, वीट आणि चुन्याची. जमिनीतली ओल ती वर ओढते आणि चुन्यातून हवेत सोडून देते. वरून सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आतच कोंडते. गिलावा फुगतो, हे तर दिसतं. भिंतीत शिरलेलं तुळईचं टोक कुजत असतं, ते मात्र माडी खचेपर्यंत कळत नाही. म्हणून आम्ही आधी सिमेंट खरवडून काढतो आणि भिंत पूर्ण वाळू देतो. चुना भिजवून मुरवत ठेवावा लागतो, त्यात हिरड्याचं आणि गुळाचं पाणी पडतं. घाई असलेल्या गिऱ्हाइकाला आम्ही हे काम सुरू करण्याआधीच सांगतो. तुळई अख्खी बदलायची गरज क्वचितच पडते. कुजलेलं टोक कापून जुन्याच सागाचा जोड देता येतो. आजोबांच्या हातचे असे सांधे अजून घट्ट आहेत.

बहुतेक दुकानांत मालक वेगळा, पिढीजात भाडेकरू वेगळा. दोघांची लेखी संमती मिळाल्याशिवाय आम्ही हातोडा उचलत नाही. काम टप्प्याटप्प्याने करतो, म्हणजे दुकान एक दिवसही बंद राहत नाही. दसरा-दिवाळीच्या गर्दीत परांची बांधत नाही. छपराचं काम असेल तर होळीनंतर लगेच बोलवा; कौलं उतरवून, वासे तपासून, पहिल्या पावसाआधी छप्पर पुन्हा शाकारून देतो.