शनिवारपर्यंत राखून ठेवलेला राग

माझ्या वडिलांचा शनिवार पंचवटीतल्या मारुतीला तेल आणि रुईच्या पानांची माळ वाहून सुरू होतो, आणि त्या दिवशी घरात कोणी आवाज चढवलेला त्यांना खपत नाही. अशाच एका शनिवारी रात्री मी त्यांच्या शेजारी बसून ‘सरिपोधा शनिवारम’ हा तेलुगू चित्रपट दुसऱ्यांदा पाहिला. नायक नेमका याच वारी माणसे बडवतो हे लक्षात आल्यावर त्यांनी एवढेच विचारले, “याला दुसरा वार नव्हता का?” गंमत अशी की चित्रपटाचे नावही प्रश्नच आहे, त्याचा अर्थ साधारणपणे ‘शनिवार पुरत नाही का?’ असा होतो. हिंदीत ‘सूर्याज सॅटरडे’ असे नाव देताना तो प्रश्न हरवला.

ऑगस्ट 2024 मध्ये आलेल्या या चित्रपटाचा दिग्दर्शक विवेक आत्रेय असून सूर्या या नायकाची भूमिका नानीने केली आहे. आपल्याकडे अनेकांना नानी ‘मक्खी’मुळे ठाऊक असतो, आणि त्यात तर तो थोड्याच वेळात मरून माशी होतो. लहानपणापासून भडक डोक्याच्या सूर्याकडून त्याची आई मरण्यापूर्वी वचन घेते की त्याने आठवड्यातून एकाच दिवशी रागवावे. मोठेपणी तो विम्याची कामे करणारा साधा माणूस असतो, सहा दिवस अपमान गिळतो, ज्यांचा राग आला त्यांची नोंद वहीत ठेवतो, आणि शनिवारपर्यंत राग टिकला तरच हिशेब चुकता करतो. दरम्यान राग निवळला तर ते नाव खोडले जाते.

माझ्या मते चित्रपटाचा सगळा विनोद या थांबण्यात आहे. गुंडाच्या तोंडावर हसून बाजूला होणारा नायक आपल्याला नवा नाही, पण तो मनात वार मोजत आहे हे प्रेक्षकाला माहीत असते आणि समोरच्याला नसते, म्हणून साधे ‘बरं’ म्हणणेही हसू आणते. आत्रेयने याआधी नानीबरोबरच ‘अंते सुंदरानिकी’ हा विनोदी चित्रपट केला होता. प्रसंगाला घाई न करता पिकू देण्याची त्याची ती सवय येथे मारधाडीच्या कामी आली आहे. आम्हा नाशिककरांना हे चटकन कळावे, कारण गोदावरीला पाणी वाढले की आम्ही आकडे नंतर विचारतो, आधी नदीकाठच्या उंच मूर्तीकडे बोट दाखवून ‘दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत लागले?’ असे विचारतो. सूर्याची वही हा तसाच मारुती आहे. बुधवारी पाणी गुडघ्याला, शुक्रवारी छातीला.

त्याचे हे गुपित सर्वांत अवघड ठरते ते चारुलतेपुढे. प्रियांका मोहनने साकारलेली ही पोलीस शिपाई हिंसेचा तिटकारा असलेली मुलगी आहे, त्यामुळे तिच्या सहवासात सूर्याला आपला शनिवार लपवावा लागतो. प्रेमकथा म्हणून हा भाग मला बेताचाच वाटला.

खरा तोल सांभाळला आहे तो एस. जे. सूर्या या नटाने. त्याचा दयानंद हा पोलीस निरीक्षक आहे. त्याचा राग असतो सख्ख्या भावावर आणि निघतो सोकुलपालेम या वस्तीतल्या गरीब, निरपराध लोकांवर. रागाला वार नाही आणि दिशाही नाही, असा हा माणूस चवताळतानाही अधूनमधून हसवतो, आणि ते हसू पुढच्याच क्षणी घशात अडकते. नायक आणि खलनायक दोघेही रागीट, फरक एवढाच की एक जण राग साठवून योग्य पत्त्यावर पोहोचवतो आणि दुसरा तो वाटेत दिसेल त्याच्यावर ओततो. म्हणून या दोघांची टक्कर चांगला आणि वाईट एवढ्यापुरती उरत नाही.

तक्रार उत्तरार्धाबद्दल आहे. जवळपास तीन तासांच्या या चित्रपटात मध्यंतरानंतर सूर्याचे संयम पाळणे मागे पडते, जेक्स बिजॉयचे पार्श्वसंगीत प्रत्येक ठोशाला ढोल वाजवू लागते, आणि ज्या थांबण्यातून हसू निघत होते ते संपल्यावर उरते ती नेहमीची हाणामारी, जी चांगली चित्रित केलेली असली तरी अशी इतरत्रही पाहायला मिळते. वडील तोपर्यंत झोपायला गेले होते. सकाळी चहा घेताना त्यांनी शेवट विचारला नाही. त्या वहीतली किती नावे त्याने खोडली, हे मात्र विचारले.