सागवानाचा स्केंक आणि चौथ्या मजल्याचा जिना

कोपनहेगनमध्ये घर लावायला घेतलं की पलंग आणि जेवणाचं टेबल झाल्यावर पुढचा नंबर लागतो तो क्रेडेन्झाचा. लांबट, बुटकं, भिंतीला टेकून उभं राहणारं कपाट. मध्ये सरकती दारं, एका बाजूला तीन-चार खण. इथले लोक त्याला ‘स्केंक’ म्हणतात. आपल्याकडे हॉलमध्ये काचेची शोकेस असायची आणि तिच्यात कधीच न वापरायचे कप. स्केंकचा स्वभाव नेमका उलटा, आतलं काही बाहेर दिसत नाही. छोट्या फ्लॅटमध्ये हे फार मोठं सुख आहे. इस्त्री, पापडाचे डबे, कोणीतरी दिलेला फोंड्यूचा संच, सगळं आत ढकलायचं आणि दार सरकवायचं. पाहुणे खुशाल येऊ देत.

स्केंक तीन प्रकारचा मिळतो: अँटिक, नवा आणि मधल्या काळातला. खरा अँटिक, म्हणजे शंभर वर्षांच्या पलीकडचा, इथे वाटतो तितका महाग नसतो. एकोणिसाव्या शतकातलं महोगनीचं गडद, जड फर्निचर आजच्या तरुण डॅनिश घरांना नको झालंय. त्यामुळे लिलावात ते कधीकधी नव्या सोफ्याहून स्वस्तात सुटतं. मोह होतोच. पण शहराच्या जुन्या भागातल्या १९०० च्या आगेमागे बांधलेल्या कितीतरी इमारतींना लिफ्ट नाही, आणि जिने गोल वळणाचे. चौथ्या मजल्यावर महोगनी चढवायला जी माणसं लागतील त्यांची मजुरी कपाटापेक्षा जास्त व्हायची. आम्ही नाद सोडला.

नव्यामध्ये इथली मानाची कंपनी म्हणजे पीटर लासेन यांनी १९८२ मध्ये सुरू केलेली मॉन्टाना. चौकोनी खोकी, हवी तशी जोडायची, हव्या त्या रंगात. भिंतीवरही टांगता येतात. केरसुणी खालून सहज फिरते, जिन्यातून एकेक खोकं हातात घेऊन वर नेता येतं. पण आत एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला फळा, वर रंग, आणि किंमत बघून माझ्यातली कोल्हापूरकर जागी झाली. घर सतत बदलावं लागणाऱ्यांनी मात्र नवंच घ्यावं, त्यातही सुटं होणारं, असं माझं मत आहे.

राहिला मधला, १९५० ते ७० च्या दशकातला. जगभर ‘डॅनिश टीक’ म्हणून मिरवतो तो हाच. टीक म्हणजे आपला साग. डेन्मार्कच्या थंडीत साग उगवत नाही हे सांगायला नको, तरी इथे तो आजीच्या घरातला, अगदी ओळखीचा वाटतो. त्याचं एक मूळ सियाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये आहे. एच. एन. अँडरसन नावाच्या डॅनिश खलाशाने बँकॉकमध्ये बस्तान बसवलं, सागाचा व्यापार केला आणि १८९७ मध्ये कोपनहेगनला ईस्ट एशियाटिक कंपनी काढली. दुसऱ्या महायुद्धानंतर इथल्या कारखान्यांनी सागाला अक्षरशः डोक्यावर घेतलं. हान्स वेगनर, आर्ने व्होडर या डॅनिश डिझायनर मंडळींनी केलेल्या स्केंकना आज दहा-दहा हजार क्रोनरच्या पटीत भाव येतात. पण त्याच काळात कितीतरी छोट्या कारखान्यांनीही तितक्याच निगुतीने काम केलंय. त्यावर नाव नाही, म्हणून किंमतही नाही. माझ्या मते घ्यायचा तर हा, बिननावाचा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. हा साग भरीव नसतो. आत साधं लाकूड किंवा चिपबोर्ड, वर सागाचं विनियर, म्हणजे मिलिमीटरभरही जाड नसलेला लाकडाचा पापुद्रा. आपल्या सुताराला दाखवलं तर तो नाक मुरडेल. पण विनियर चढवताना एकाच ओंडक्याचे लागोपाठचे पापुद्रे शेजारी शेजारी लावलेले असतात, त्यामुळे रेषा एका दारावरून दुसऱ्या दारावर न तुटता जाते. ही नजर भरीव लाकडातही सगळ्यांना नसते.

बघायला गेलात तर आधी वरचा खण पूर्ण बाहेर काढा. बऱ्याच ठिकाणी आत चमच्यांसाठी हिरवं फेल्ट (लोकरीचं जाडसर कापड) लावलेले कप्पे असतात. त्यावर चांदीच्या काट्यांचे काळपट ठसे उमटलेले दिसतात. खणाच्या कोपऱ्यात लाकडाचे दात एकमेकांत घट्ट अडकवलेले असतील तर काम चांगलं. नुसते खिळे किंवा स्टेपल असतील तर भाव पाडा. मग कडांवरून नख फिरवा, विनियर उचललं असेल तर तिथे लागतं. सरकतं दार एका बोटाने हललं पाहिजे. कपाट भिंतीपासून ओढून मागची बाजू बघा, आणि शेवटी आत डोकं घालून वास घ्या. त्या पिढीत घरोघरी सिगारेट-पाईप चालायचे आणि तंबाखूचा वास लाकडातून सहजी जात नाही. डाग किंवा चरे असतील तर घाबरू नका, पण ते घालवायला कोणी घासायचं यंत्र आणतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. पातळ विनियर पाच मिनिटांत आरपार जातं.

विकणारा ‘पॅलिसँडर’ म्हणाला तर मात्र सावध. हे बहुतेकदा ब्राझीलचं रोझवूड असतं, आपल्या शिसवाचं चुलत भावंड. काळ्या-तांबूस रेषांचं, दिसायला अप्रतिम. जंगलं संपत आली म्हणून १९९२ पासून ते सायटिसच्या, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या, सगळ्यात कडक यादीत आहे. युरोपियन युनियनमध्ये त्याची वस्तू विकायला प्रमाणपत्र लागतं. सूट आहे ती मार्च १९४७ च्या आधी घडवलेल्या वस्तूंना. साठच्या दशकातला स्केंक त्यात बसत नाही. कागद नाही तर सौदा नाही.

आमचा स्केंक एका आजोबांच्या घरातला. ते गेले, मुलांनी फ्लॅट रिकामा करायला काढला आणि जाहिरात टाकली. अशी विक्री इथे रोजचीच आहे, कोणाला त्यात वावगं वाटत नाही. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “अगं, नवीन परवडत नाही का तुम्हाला? आणि गेलेल्या माणसाचं?”

“आई, आपलं शिसवी कपाट तरी कुठे नवीन होतं? पणजीचंच ना?”

“ते आपल्या माणसांचं होतं.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. नवऱ्याने मात्र आजोबांच्या मुलीला विचारून घेतलं की ते काय करायचे. शाळामास्तर होते. आईला तेवढं पुरलं.

आता त्यावर देव आहेत. उंची ७८ सेंटीमीटर, म्हणजे पूजा उभ्यानेच करावी लागते. त्याची सवय झाली. समईचं तेल सागाला चालतं, पण गोल डाग पडतात, म्हणून खाली पितळी ताट. कुंकू मात्र थेट सांडू देऊ नये. मागच्या भिंतीवर हीटर असेल तर स्केंक तिथे लावू नका, हिवाळ्यात कोरड्या उष्णतेने विनियर तडकतं.

फोटो टाकल्यापासून दोघी-तिघींनी विचारलंय, “येताना एक आमच्यासाठी आणशील का?” नको. जहाजाचं भाडं सोडाच, साठ वर्षं कोरड्या हवेत राहिलेलं विनियर कोकणातल्या एका पावसाळ्यात फुगेल. मुंबईत जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात जुना साग मिळतो, पाडलेल्या वाड्यांच्या तुळयाही विकायला येतात. चांगला सुतार गाठा आणि भरीव लाकडातच करून घ्या. मापं लिहून घ्या: लांबी १८०, खोली ४५, उंची ७८ सेंटीमीटर, त्यातले पाय २०. दारं सरकती ठेवा, बिजागरीची नकोत; आणि वरच्या खणाला हिरवं फेल्ट सांगायला विसरू नका.