कार्बनची यॉट आणि ओलाव्याचा रकाना

कार्बन फायबरची शिडाची यॉट घेताना आमचा सर्वांत जास्त वेळ यॉट शोधण्यात, किमतीची घासाघीस करण्यात किंवा शिडे हाताळायला शिकण्यात गेला नाही. तो विम्याच्या अर्जातील एका रकान्यात गेला. ‘हलमधील ओलाव्याचे प्रमाण, टक्क्यांत’ असे त्या रकान्यापुढे छापलेले होते (हल म्हणजे नौकेचा मूळ सांगाडा, तिचे बाहेरचे कवच), आणि तिथे काय लिहायचे हे ठरेपर्यंत अकरा आठवडे उलटले. राग अजून पुरता गेलेला नाही, हे वाचणाऱ्याच्या लक्षात येईलच.

आम्ही ही यॉट का निवडली, तेवढे आधी सांगते. माझ्या पतींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे आणि हलत्या डेकवर पुढच्या टोकापर्यंत धावणे त्यांना शक्य नाही. खलाशी नेमून प्रवास करण्याची आम्हा दोघांनाही हौस नाही. हलकी नौका म्हणजे केवळ वेगाची नौका, असा माझाही समज होता. प्रत्यक्षात वजन कमी असले की तेवढ्याच वेगासाठी लहान शीड पुरते, लहान शिडामुळे दोरीवरचा ताण घटतो, आणि जो ताण पेलायला दोन माणसे लागली असती तो एका विंचवर, म्हणजे दोरी ओढणाऱ्या फिरत्या रहाटावर, एका माणसाच्या आवाक्यात येतो. लुका बास्सानी यांनी १९९४ मध्ये स्थापन केलेल्या वॉली कंपनीच्या नौकांमुळे ही मांडणी प्रसिद्ध झाली: टॅक घेताना, म्हणजे वाऱ्याच्या दिशेने नौका वळवून वारा दुसऱ्या बाजूने घेताना, आपोआप पलीकडे जाणारी जिब (पुढचे लहान शीड), डेकखालून नेलेल्या दोऱ्या आणि सुकाणूजवळची बटणे. आमची यॉट दुसऱ्या कारखान्याची, १५ मीटर लांबीची आणि सुमारे साडेनऊ टनांची, पण विचार तोच. चाचणी फेरीत मुख्य वीजपुरवठा बंद करून सगळी कामे हाताने करून पाहा, हा सल्ला मी इथेच देऊन ठेवते, कारण बटणांच्या मोहात तो नंतर आठवत नाही.

सर्वेक्षणासाठी आम्ही अनुभवी सर्वेअर, म्हणजे नौकेची तपासणी करून अहवाल देणारे तज्ज्ञ, नेमले. त्यांचा सारा अनुभव ग्लासफायबरच्या नौकांचा होता, हे त्यांनी लपवले नाही. विचारायचे भान आम्हालाच राहिले नाही. नौका पाण्याबाहेर काढल्यावर त्यांनी नेहमीच्या सवयीने ओलावा मोजणारे मीटर हलला लावले आणि काटा थेट शेवटच्या खुणेवर गेला. पुढे लावले, मागे लावले, पाण्याच्या रेषेच्या वर, जिथे पाणी मुरण्याचा प्रश्नच नाही तिथेही लावले. काटा हलला नाही. अहवालात त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले की वाचन मोजपट्टीच्या बाहेर आहे, सबब नौका दोन महिने छपराखाली वाळवावी आणि पुन्हा मोजावी.

आम्ही ते ऐकले, याची मला अजूनही लाज वाटते. पाच आठवडे नौका शेडमध्ये ठेवून आम्ही दर रविवारी मोजणी केली आणि दर रविवारी काटा त्याच जागी होता. शेवटी हलच्या बांधणीविषयी वाचायला बसले तेव्हा उलगडा झाला. ही मीटरे पदार्थाच्या विद्युत गुणधर्मांतील फरकावरून ओलाव्याचा अंदाज बांधतात. ग्लासफायबर वीज वाहत नाही, म्हणून त्यात पाणी शिरले की फरक दिसतो. कार्बन फायबर मात्र मुळातच वीजवाहक आहे, त्यामुळे ठणठणीत कोरडे कार्बनही त्या मीटरला चिंब भिजलेले वाटते. शिवाय हा रकाना ज्या दुखण्यासाठी जन्माला आला, ते हलवर फोड आणणारे ऑस्मोसिस प्रामुख्याने पॉलिएस्टर रेझिनच्या नौकांचे आहे आणि आमची नौका इपॉक्सी या वेगळ्या रेझिनची आहे.

हे सारे मी विमा कचेरीला लिहून पाठवले. उत्तर आले की रकाना रिकामा ठेवता येत नाही. ‘लागू नाही’ असे लिहिले, तेव्हा तिथे फक्त अंक स्वीकारला जातो असे कळले. पतींचे म्हणणे होते की शून्य लिहून मोकळे व्हावे. या एका बाबतीत मी हटून बसले आणि त्याचा मला अभिमान आहे, कारण न मोजलेला आकडा मोजला म्हणून लिहिला तर उद्या दाव्याच्या वेळी त्याच आकड्यावर बोट ठेवले जाते. दरम्यान पहिला अहवाल फायलीत होताच आणि फोन उचलणारी प्रत्येक नवी व्यक्ती मला विचारत होती, “मॅडम, तुमची नौका पूर्ण ओली आहे असे इथे दिसते, ती वाळली का?”

तरीही तो प्रश्न सर्वस्वी मूर्खपणाचा नव्हता, हे मान्य करायला हवे. कार्बनच्या दोन पातळ थरांमध्ये फोमचा गाभा असतो आणि डेकवरील एखाद्या फिटिंगच्या छिद्रातून त्या गाभ्यात पाणी शिरू शकते. म्हणून आम्ही दुसरे सर्वेअर बोलावले, ज्यांनी कार्बनच्या शर्यतीच्या नौका तपासलेल्या होत्या. लहानशा प्लास्टिकच्या हातोडीने त्यांनी संपूर्ण हल आणि डेक ठोकून पाहिले. थर सुटलेला असेल तिथे आवाज बद्द येतो. संशयाच्या जागी आणि डोलकाठीवर अल्ट्रासाउंड चाचणी केली. मग त्यांनी जे सुचवले त्याने गाडे हलले: नौका क्रेनच्या वजनकाट्यावर टांगा. कारखान्याच्या मूळ दाखल्यात रिकाम्या नौकेचे वजन ९,३८० किलो होते. आम्ही टाक्या रिकाम्या केल्या, नांगराची साखळी, गाद्या आणि भांडीकुंडी उतरवली, आणि काट्याने ९,४४० दाखवले. मधल्या काळात बसवलेल्या जादा बॅटऱ्यांचाच भार पन्नासच्या आसपास होता, आणि काट्याच्या अचूकतेची मर्यादा त्याहून मोठी होती. नौकेने पाणी धरले असते तर ते तराजूपासून लपले नसते.

दुसऱ्या अहवालात हे सारे आले आणि पहिल्या सर्वेअरनीही मोठ्या मनाने आपली ओलाव्याची नोंद लेखी मागे घेतली. तेवढ्यावर कचेरीतील एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी अर्ज स्वतःकडे मागवला, रकान्यावर आडवी रेघ मारून शेजारी सही केली. अकरा आठवड्यांचे काम त्यांनी एका मिनिटात केले. म्हणून ज्यांना या वाटेने जायचे आहे त्यांनी सर्वेअर नेमण्यापूर्वीच विमा कंपनीकडून लेखी घ्यावे की कार्बनच्या नौकेसाठी त्यांना कोणत्या चाचण्या हव्यात आणि कोणाचा अहवाल चालेल. कारखान्याचा वजनाचा दाखला जुन्या मालकाकडून आठवणीने मागून घ्यावा. आमच्या मालकांनी तो जपून ठेवला होता, हे निव्वळ नशीब.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. पॉलिसीतील एकट्याने नौका चालवण्याची अट शब्दन् शब्द वाचा. दोघांनी चालवण्याजोगी नौका आणि एकट्याने रात्रभर चालवलेली नौका यांत विमा कंपनी फरक करते, आणि ते योग्यही आहे, कारण १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार समुद्रात सतत लक्ष ठेवणे बंधनकारक आहे आणि झोपलेला माणूस ते करू शकत नाही. सर्वेअरनी ॲल्युमिनियमच्या फिटिंग्जही काढून पाहिल्या होत्या. कार्बनला थेट टेकलेले ॲल्युमिनियम खाऱ्या हवेत झपाट्याने खाल्ले जाते, आणि आमच्या दोन फिटिंग्जखालचा विलग करणारा थर नाहीसा झाला होता. ते काम अर्ध्या दिवसात आटोपले.

पॉलिसी हाती आली तेव्हा तिच्यात बांधणीपुढे ‘ग्लासफायबर’ असे छापलेले होते. मी खुर्चीत बसून हसले आणि पुन्हा पत्र लिहिले. दुरुस्त प्रत यायला आणखी नऊ दिवस लागले, आणि तोवर आम्ही धक्क्याची दोरी सोडली नाही. दहाव्या दिवशी सकाळी बारा नॉटच्या वाऱ्यात सुकाणू माझ्याकडे होते, पती गुडघा पसरून बसले होते, आणि दुपारपर्यंत मी नऊ वेळा टॅक घेतली. जिब नऊही वेळा आपण होऊन पलीकडे गेली.