दोन दात, दोन पदार्थ

माझ्या वरच्या ओळीतले मधले दोन दात दोन वेगळ्या कारणांनी खराब झाले आहेत, आणि म्हणूनच दोघांना एकाच पदार्थाचे व्हीनियर, म्हणजे दाताच्या दर्शनी भागावर चिकटवायचा पातळ पापुद्रा, लावून भागणार नाही, हे उमगायला मला जवळजवळ तीन महिने लागले. डावा दात अकरावीत असताना जिन्यावरून पडून तुटला होता. त्याची रूट कॅनाल झाली, तुटलेला भाग कंपोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाच्या राळयुक्त भरणीने, भरला गेला, आणि पुढच्या वीस वर्षांत तो हळूहळू करडा पडत गेला. उजव्या दाताचा मात्र फक्त एक कोपरा उडालेला आहे. बाकी तो जिवंत आणि धडधाकट आहे.

पहिल्या दवाखान्यात मला दोन्ही दातांना झिर्कोनिया या टणक सिरॅमिकच्या कॅप सुचवल्या गेल्या, आणि कारण एवढेच सांगितले गेले की हा पदार्थ सगळ्यांत मजबूत असतो. ते खोटे नव्हते. नेहमीच्या झिर्कोनियाची वाकवण्याला तोंड देण्याची ताकद ९०० ते १२०० मेगापास्कल (ताकद मोजण्याचे एकक) असते, लिथियम डायसिलिकेट या काचयुक्त सिरॅमिकची ४००च्या आसपास, तर पारंपरिक पोर्सेलिनची १००च्याही आत. परंतु कॅप बसवायची तर दात चारही बाजूंनी कोरून बारीक करावा लागतो, आणि माझा उजवा दात असा कोरायला मन धजेना, कारण एकदा गेलेले इनॅमल, म्हणजे दाताचे कठीण बाहेरचे आवरण, पुन्हा येत नाही.

दुसऱ्या डॉक्टरांनी जे समजावले, त्याने माझा विचार करण्याचा क्रमच बदलला. व्हीनियर म्हणजे दाताच्या फक्त दर्शनी भागावर चिकटवलेला, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा पापुद्रा. हातात घेतला तर सहज मोडेल इतका नाजूक. त्याला खरे बळ येते ते खालच्या इनॅमलशी होणाऱ्या जोडणीतून. इनॅमलवर आम्ल लावून ते सूक्ष्म प्रमाणात खडबडीत केले की त्याला राळ (चिकटवण्यासाठी वापरले जाणारे रेझिन) घट्ट धरते, हे मायकेल ब्युओनोकोर यांनी १९५५ साली दाखवून दिले. त्याआधी, १९२८ मध्ये, कॅलिफोर्नियातले दंतवैद्य चार्ल्स पिंकस चित्रपटातील नटांच्या दातांवर असे मुखवटे बसवत असत, पण ते चित्रीकरणापुरतेच टिकत. पोर्सेलिन आणि लिथियम डायसिलिकेट यांच्यात काच असते, त्यामुळे प्रयोगशाळेत हायड्रोफ्लोरिक आम्लाने त्यांच्या आतल्या पृष्ठभागावर बारीक खळगे पाडता येतात आणि दोन्ही बाजूंनी पकड मिळते. झिर्कोनियात काच नसल्यामुळे हे आम्ल तिथे कामाला येत नाही. त्यावर बारीक कणांचा मारा करून वेगळा प्रायमर, म्हणजे जोडणीआधीचा लेप, लावावा लागतो. म्हणजे ज्या पदार्थाची स्वतःची ताकद सर्वाधिक, त्याचीच पातळ व्हीनियरमधली जोडणी अधिक अवघड. तेव्हापासून मी पदार्थाची ताकद विचारण्याआधी माझ्या दातावर इनॅमल किती शिल्लक आहे, हे विचारू लागले.

करड्या दाताचा प्रश्न ताकदीचा नव्हता, रंगाचा होता. लिथियम डायसिलिकेट काहीसे पारदर्शी असते. तेच त्याचे सौंदर्य, आणि गडद दातावर तीच त्याची अडचण, कारण खालचा करडेपणा वर झिरपून दिसतो. अपारदर्शक सिरॅमिक घेतले तर ते निर्जीव दिसण्याचा धोका असतो. म्हणून डॉक्टरांनी आधी रूट कॅनालच्या मार्गाने दाताच्या आत ब्लीचिंगचे औषध ठेवले आणि दर काही दिवसांनी बदलले. चौथ्या वेळी दात पुरेसा उजळला. त्यानंतर दोन आठवडे थांबावे लागले, कारण ब्लीचिंगनंतर लगेच जोडणी नीट होत नाही आणि रंगही स्थिरावलेला नसतो.

शेड ठरवण्याचा दिवस मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. डॉक्टरांनी मला ओठांवरची लिपस्टिक पुसायला सांगितली, खुर्चीवरून उठवून खिडकीपाशी नेले आणि शेड गाईडमधला, म्हणजे दातांच्या छटांच्या संचातला, एकेक नमुना दाताशेजारी धरला. "दात कोरडा पडला की पांढरा दिसतो, म्हणून रंग आधी ठरवू आणि मगच कामाला हात घालू," असे त्या म्हणाल्या. खिडकीतल्या उजेडात ए२ आणि बी२ या दोन छटांतला फरक मलाही स्पष्ट दिसला. आतल्या दिव्याखाली तो कळला नसता.

शेवटी डाव्या दाताला लिथियम डायसिलिकेटचे व्हीनियर आणि उजव्या दाताच्या कोपऱ्याला, दात जवळजवळ न कोरता, कंपोझिट असे ठरले. दोन्हींना सिरॅमिक लावले असते तर जुळवणी सोपी झाली असती, हे मला मान्य आहे. कंपोझिटची चकाकी आधी उतरेल, चहा आणि हळद त्यावर डाग पाडतील, काही वर्षांनी ते बदलावेही लागेल. मात्र त्याची डागडुजी तोंडातच, एका बैठकीत होते. सिरॅमिक तडकले तर बहुधा नवेच करावे लागते. निरोगी इनॅमल वाचवण्यासाठी एवढी उसाभर मला पटते.

पहिल्या ट्रायलला, चिकटवण्याआधी, व्हीनियर कडेला थोडे जास्त पांढरे वाटले, म्हणून ते परत प्रयोगशाळेत गेले. परवा दुसरी ट्रायल आहे, आणि मी मुद्दाम सकाळची वेळ मागून घेतली आहे.