मोहरमच्या शुभेच्छा

आमच्या ऑफिसातली सुट्ट्यांची यादी मी करते. त्यासोबत आणखी एक काम आपसूक गळ्यात पडलंय, सुट्टीच्या आदल्या दिवशी सगळ्यांना शुभेच्छांचा मेल धाडायचा. साचा ठरलेला आहे; चित्र आणि सणाचं नाव बदललं की झालं. एका वर्षी चंद्रकोर आणि कंदील टाकून 'मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा' पाठवल्या आणि मोकळी झाले.

दहा मिनिटांत अकाउंट्समधल्या एक बाई टेबलाशी आल्या. आवाज जराही चढलेला नव्हता. म्हणाल्या, "ताई, आमच्या घरात उद्या सुतक आहे असं समजा. सुतकात कोणी शुभेच्छा देतं का?"

कानाच्या पाळ्या तापल्या माझ्या. यादीत इतकी वर्षं तो शब्द टाईप करतेय, पण मोहरम हे महिन्याचं नाव आहे आणि सुट्टी त्याच्या दहाव्या दिवसाची, आशुराची, हेही मला धड ठाऊक नव्हतं. इसवी सन 680 मध्ये या दिवशी करबलाच्या मैदानात पैगंबरांचे नातू इमाम हुसेन खलिफा यझीदच्या फौजेकडून मारले गेले. सोबतचे साथीदार परंपरेनं 72 सांगतात. आधी 3 दिवस त्यांना फुरात नदीचं पाणीही मिळू दिलं नव्हतं. बाई शिया. पाण्याबद्दल सांगताना थांबल्या, तेव्हा मी उगाच स्टेपलर सरळ करत बसले.

पलीकडच्या टेबलावरचे सहकारी सुन्नी. ते त्या दिवशी रोजा ठेवतात, पैगंबर मूसा आणि त्यांच्या लोकांची इजिप्तच्या राजापासून, फिरौनपासून, सुटका झाली म्हणून. तारीख एक, सुट्टी एक, पण एकीकडे रोजा आणि दुसरीकडे मातम. माझ्या तक्त्यात मात्र एकच ओळ.

'सुट्टी' म्हटलं की आपल्याला झोप आणि उशिराचा चहा आठवतो. या बाई नवव्या दिवसाची रजा दरवर्षी स्वतःच्या खात्यातून टाकतात, रात्रभर जागतात, दहाव्याला काळ्या कपड्यांत मजलिसला, म्हणजे शोकसभेला, जातात आणि अकराव्याला सकाळी नऊला कामावर हजर. नोहे, म्हणजे शोकगीतं, म्हणून घसा बसलेला. एकदा त्यांची नवव्याची रजा नामंजूरही झाली होती, 'उद्या सुट्टी आहेच की' असा शेरा मारून. (शेरा माझा नव्हता, पण अर्ज माझ्याच हातून पुढे गेला होता.)

हिजरी, म्हणजे इस्लामी चांद्र, वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून हा दिवस दरवर्षी मागे सरकतो. 2025 मध्ये तो 6 जुलैला आला, रविवारी. ऑफिसभर हळहळ, सुट्टी बुडाली! मग चंद्र उशिरा दिसला तर सोमवारी सुट्टी मिळेल असे मेसेज फिरले, आणि मला 'नक्की काय?' विचारणारे चौदा फोन आले. बाईंचा एकही नाही. नववा शनिवारी, दहावा रविवारी. पहिल्यांदाच रजा मागावी लागली नव्हती. सोमवारी फक्त दोन तास उशिरा येऊ का, एवढं विचारलं.

2026 च्या यादीत 26 जून आहे, शुक्रवार. जोडून शनिवार-रविवार, त्यामुळे सहलीची आखणी सुरू झालीये. शुभेच्छांच्या साच्यातून मोहरम मी कधीच काढून टाकलाय. यादीत 'मोहरम (आशुरा)' लिहिते, खाली 'चंद्रदर्शनानुसार बदल संभव'. यादी पाठवली त्याच दुपारी 25 जूनच्या रजेचा पहिला अर्ज आला, अकाउंट्समधून. या वेळी तो मी स्वतः साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि सही होईपर्यंत तिथेच उभी राहिले.