पिवळी वायर

हरतालिकेच्या दिवशी गुहागरजवळच्या शृंगारतळीच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. चाकरमान्यांच्या गाड्या, मखराचं सामान, फुलांचे ढीग, सगळं त्या एकाच रस्त्यावर. गाड्यांच्या वायरिंगचं माझं छोटं दुकान त्याच रस्त्याला आहे. २२ वर्षं हेच काम करतोय. त्या दिवशी दोन वाजता दुकान बंद करायचं आणि गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, जाऊन गणपती घरी आणायचा, असं सकाळीच ठरवलं होतं. मूर्तीसाठी आमचा पाट तिथे दोन महिन्यांपूर्वीच देऊन ठेवला होता.

साडेअकराला धोपाव्याहून फोन आला. "मिस्तरी, एक गाडी फेरीबोटीतच बसली. सेल्फच घेत नाय. आम्ही ढकलून वर काढलीय. म्हातारी आजी हाय त्यांच्यासंगं, गाडीतच बसलीय. येता का?"

फोन करणारा खलाशी ओळखीचा. दाभोळहून धोपाव्याला येणारी ही बोट वाशिष्ठीच्या खाडीतून गाड्या घेऊन येते, म्हणून दापोलीकडून गुहागरला यायला चिपळूणचा वळसा पडत नाही. सणाच्या दिवसांत दोन्ही काठांना गाड्यांची रांग असते. मी जादा बॅटरी, जंपर केबल आणि पेटी घेऊन निघालो.

गाडी जेटीच्या चढावर एका बाजूला लावलेली होती. सात-आठ वर्षांची छोटी पेट्रोल गाडी, टपावर बांधलेलं सामान, ताडपत्रीवरून पाणी गळतंय. कुटुंब डोंबिवलीचं. बाप भिजलेल्या शर्टात बॉनेटपाशी उभा आणि त्याच्यापासून चार हात लांब सतरा-अठरा वर्षांचा मुलगा, खाडीकडे तोंड करून. बापाने मला काही सांगायच्या आधीच बोट दाखवलं. डॅशबोर्डवर नऊ इंची टचस्क्रीन लखलखत होती.

"यानेच बसवला, मोबाइलवर बघून. तेव्हापासून गाडी धड नाही. काल रात्री दापोलीला सासुरवाडीत थांबलो, सकाळी चार जणांनी धक्का मारला तेव्हा निघालो."

चावी बापाच्या खिशात होती, तरी स्क्रीन चालू. निम्मं दुखणं मला तिथेच कळलं.

अशा स्टीरिओला वीज दोन तारांनी जाते. पिवळी कायमची, घड्याळ आणि सेटिंग लक्षात ठेवण्यापुरती. लाल चावीची, ती मेली की स्टीरिओला कळतं की आता झोपायचं. पोराने दोन्ही एकत्र पिळून बॅटरीला लावल्या होत्या. म्हणजे स्टीरिओच्या लेखी गाडीची चावी दिवसरात्र चालूच. मी मीटर दहा अँपिअरवर टाकून बॅटरीच्या मायनसला मधे जोडला. गाडी पूर्ण बंद असताना १.२ अँपिअर. एवढ्याशा गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. रात्रभरात निम्म्याच्या आसपास रिकामी. सकाळी धक्का मारून निघाले, पण दापोली ते दाभोळ वायपर, हेडलाइट, पंखा, सगळं चालू. त्यात दाभोळच्या रांगेत तासभर इंजिन बंद आणि आजीसाठी आरत्या लावलेल्या. व्होल्टेज बघितलं तर ११.४ होतं. भरलेल्या बॅटरीला साडेबाराच्या वर दाखवायला हवं.

इथवर हे नेहमीचं होतं. गेल्या दोन-तीन वर्षांत असे स्क्रीन घरी बसवलेल्या कितीतरी गाड्या माझ्याकडे आल्या आहेत. जंप करून, म्हणजे जादा बॅटरी जोडून गाडी चालू करून, दोन तारा वेगळ्या करून अर्ध्या तासात परत निघता आलं असतं. पण बॅटरीपासून ती तार हाताने चाचपत मागे गेलो आणि हात थांबला.

बॅटरीला थेट जोडलेली तार, आणि तिला फ्यूज नाही. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला भोक असतं, त्यात रबरी ग्रोमेट बसवलेलं असतं. पोराने ते काढून तार ओढून घेतली होती आणि ग्रोमेट परत बसवलं नव्हतं. पत्र्याची कड सुरीसारखी. डोंबिवलीपासून इंजिनाच्या थरथरीने तार त्या कडेवर घासत आली होती. मी तिथे टॉर्च धरला तर प्लॅस्टिक एका बाजूने खरवडून गेलं होतं आणि आत नखाएवढं तांबं चमकत होतं. पत्रा आणि तांबं यांच्यात कागद सरकवता आला असता, एवढंच अंतर.

ते टेकलं असतं तर काय झालं असतं, ते मी बापाला मुद्दाम सावकाश सांगितलं. मोटारीची बॅटरी शॉर्ट झाली की शेकडो अँपिअर ओतते. फ्यूज असता तर तो उडाला असता. नसला की तारच फ्यूज होते. काही सेकंदांत लाल होते आणि जिथून जाते तिथलं सगळं पेटवते. ही तार आजीच्या पायांपासून हातभर अंतरावरून गेली होती. आणि थोड्या वेळापूर्वी ही गाडी बोटीवर, पुढे-मागे पेट्रोलच्या गाड्या खेटून उभ्या असताना, खाडीच्या मधोमध होती.

बाप मटकन बसला. मग उठून पोराकडे गेला, हात उगारलेला. मी मधे पडलो. "दादा, आधी काम करू. अजून डॅशबोर्ड उघडायचा आहे."

आम्ही गाडी ढकलत जवळच्या पत्र्याच्या शेडखाली घेतली. दहा नंबरच्या पान्ह्याने मी बॅटरीचा मायनस आधी काढला. मग घड्याळ लावून दहा मिनिटं थांबलो. पोराने विचारलं, "काका, थांबायचं कशाला?" त्याचं हे पहिलं वाक्य. सांगितलं, एअरबॅगच्या पेटीत बॅटरी काढल्यावरही थोडा वेळ वीज साठून राहते, ती उतरू द्यायची. त्याचा चेहरा पडला, ते तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

स्क्रीन बाहेर काढला. मागे इन्सुलेशन टेपचा गोळा. कोकणात टेपवर भरवसा ठेवू नये, हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. मे महिन्याच्या उन्हात त्याचा गोंद पातळ होतो, पावसाळ्यात टेप सरकते, आणि खारी हवा उघड्या तांब्याला लागली की त्याची हिरवी पूड होते. या गाडीला अजून हिरवं धरलं नव्हतं, पण गोंद पाघळला होता. माझी दहाही बोटं काळी चिकट झाली. काळी अर्थिंगची तार रंगवलेल्या पट्टीच्या स्क्रूखाली नुसती दाबलेली, म्हणजे रंगावर, जिथून वीज नीट जात नाही. मागच्या दोन स्पीकरांच्या मायनस तारा जुळवून बॉडीला लावलेल्या. हे फार जण करतात, कारण मायनस म्हणजे अर्थिंग असं वाटतं. आताच्या स्टीरिओत स्पीकरच्या दोन्ही तारांत वीज असते. एक बॉडीला टेकवली की आवाज फाटतो, आणि आतली आयसी जायला वेळ लागत नाही. ही वाचली होती.

मग टॉर्च स्टिअरिंगच्या खाली नेला आणि पिवळी नळी दिसली.

गाडी बनवणारे एअरबॅगच्या तारांवर पिवळी नळी चढवतात, तारा जोडायचे कपलरही पिवळे ठेवतात, कुणी हात लावू नये म्हणून. त्या नळीला बोटभर लांब उभी चीर होती, ब्लेडने मारलेली. आत दोन तारा, आणि एकीवर ब्लेडची रेघ. मी श्वास धरून टॉर्च जवळ नेला. रेघ वरच्या प्लॅस्टिकपुरतीच होती, तांबं दिसत नव्हतं.

"हे कोणी केलं?" मी हळूच विचारलं.

मुलगा माझ्याजवळ वाकला. "काका, व्हिडिओत सांगितलं होतं, पिवळी कायम करंटची. मी गाडीत पिवळी शोधत होतो. टेस्ट लॅम्प आणला होता. पण तार फार बारीक वाटली, म्हणून सोडून दिली आणि बॅटरीवरून घेतली."

टेस्ट लॅम्पच्या बल्बमधून जेवढा करंट वाहतो, तेवढा एअरबॅग उडवायला पुरू शकतो. आणि त्या वेळी हे पोर स्टिअरिंगखाली डोकं घालून बसलं असणार. स्टीरिओची पिवळी आणि गाडीची पिवळी यांचा एकमेकींशी काही संबंध नाही, रंग स्टीरिओच्या तारांचे लक्षात ठेवायचे असतात, गाडीच्या तारा मीटरने ओळखायच्या असतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी बाहेर येऊन जेटीच्या कठड्याला टेकून उभा राहिलो. माझाही मुलगा त्याच वयाचा आहे.

त्या तारेला मी हात लावला नाही. एअरबॅगची तार जोडायची नसते, टेपही मारायची नसते. कागदावर लिहून दिलं, नळी कुठे कापली आहे ते, आणि बापाला बजावलं की परतल्यावर पहिल्यांदा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवा.

बाप म्हणाला, "काढून टाका तो डबा. मला नकोच."

तेव्हा आजी गाडीतून बोलली. "अरे, त्याने तुझ्यासाठीच घेतला ना तो. गेल्या वर्षी अंगणात मागे घेताना चिऱ्याच्या गडग्यावर घातलीस गाडी. दिवाळीपासून पैसे साठवत होता, मागचं दिसावं म्हणून."

बाप गप्प झाला. मी मागे जाऊन पाहिलं. नंबर प्लेटच्या वर कॅमेरा नीट, सरळ रेषेत बसवलेला. केबल छताच्या कडेने इतकी सुबक आणली होती की मीही यापेक्षा चांगली नेली नसती. फक्त रिव्हर्सची तार कुठेच जोडलेली नव्हती, म्हणून ज्याच्यासाठी एवढं केलं ते चित्र एकदाही स्क्रीनवर आलं नव्हतं. "गावी जाऊन शोधणार होतो," तो म्हणाला.

मी त्याला बोलावलं आणि मीटर त्याच्या हातात दिला.

कंपनीचा मूळ कपलर त्याने कापला नव्हता, हे मोठं नशीब. माझ्या पेटीत त्या गाडीला बसणारा जोड-कपलर होता. बाजारात दोन-तीनशेला मिळतो. एक बाजू गाडीच्या कपलरमध्ये खट्कन बसते, दुसरीकडच्या तारा स्टीरिओला. चावी बंद असताना बारा व्होल्ट कुठे येतात, चावी फिरवल्यावर कुठे, ते त्यानेच मोजलं. पांढरी जोडी पुढचा डावा स्पीकर, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा, पट्टीवाली मायनस. प्रत्येक सांध्याला सोल्डर आणि वर आकसणारी स्लीव्ह. अर्थिंगसाठी रंग खरवडून थिंबल, म्हणजे तारेच्या टोकाचं धातूचं कडं, बसवलं, वर ग्रीस. रिव्हर्सची तार मागच्या पांढऱ्या दिव्यावरून घेतली. बॅटरीवरून आणलेली ती लांब तार त्यानेच ओढून बाहेर काढली, आणि ग्रोमेट मी परत बसवलं.

एका ठिकाणी त्याने हट्ट केला. स्टीरिओची हँडब्रेकची तार बॉडीला लावून अर्थ करून टाकू, म्हणजे चालत्या गाडीतही व्हिडिओ दिसेल. मी नाही म्हणालो. आमच्या रस्त्यांवर रात्री वळणावर गुरं बसलेली असतात. ती तार मी कुणालाच अर्थ करून देत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. हँडब्रेकच्या स्विचलाच जोडली.

जंप करून गाडी चालू केली. इंजिन चालू असताना १४.१ व्होल्ट, अल्टरनेटर ठणठणीत. मग सगळं बंद करून, दारं लावून पुन्हा अँपिअर मोजत बसलो. आधी अर्ध्याच्या खाली आला, मग स्क्रीन आतून पूर्ण झोपला आणि आकडा ०.०२ वर स्थिरावला. मुलगा तो आकडा बघत जागचा हलला नाही. बाप शेजारी येऊन बसला होता. त्याने मुलाच्या खांद्यावर हात ठेवला होता, बोलला काही नाही.

निघताना बापाने गाडी रिव्हर्समध्ये टाकली. स्क्रीनवर जेटी, पाऊस आणि मागे उभा असलेला त्याचा मुलगा, तिन्ही एकदम दिसले. आजीने पुढे वाकून बघितलं आणि म्हणाली, "अगो बाई, हा तर आपला बाळच!"

बॅटरीचं भाडं आणि कपलरचे पैसे घेतले. मजुरी घेतली नाही, अर्धं काम त्याने केलं होतं.

मी शाळेत पोचलो तेव्हा दिवे लागले होते. सगळे गणपती घरोघरी गेले होते. पाटावर आमचा एकटाच उरला होता, डोक्यावर रुमाल टाकलेला. मूर्तिकार दादा दारातच बसून होते. माझे हात बघून त्यांनी आधी रॉकेलचा बोळा दिला, मग साबण, मग अर्धं लिंबू. टेपचा गोंद नखांच्या कडांतून निघेना. ते शांतपणे तांब्याने पाणी ओतत राहिले. बोटं पुरती स्वच्छ झाली, तेव्हा म्हणाले, "आता उचल."