मराठी मजकूर पेलणारे कंट्रोल घडवताना

डेस्कटॉप सॉफ्टवेअरमध्ये वापरले जाणारे टेक्स्टबॉक्स, ग्रिड (ओळी-स्तंभांचे तक्ते), याद्या आणि शोधपेट्या हे सारे घटक, म्हणजे आमच्या बोलण्यातले ‘कंट्रोल’, तयार करणे हे माझे रोजचे काम आहे. बरेचसे व्यवहार ब्राउझरमध्ये गेले असले तरी पुण्यातील पतसंस्था, छापखाने आणि गुलटेकडीच्या मार्केट यार्डातील अडतीची दुकाने यांच्या टेबलांवर आजही डेस्कटॉप सॉफ्टवेअरच उघडे दिसते आणि त्यात दिवसभर मराठी नावे, गावे आणि रकमा भरल्या जातात. या कामातून माझे एक ठाम मत झाले आहे: मजकूर हाताळणारा कंट्रोल मराठीत नीट चालेल की नाही, हे त्याच्या मूळ आराखड्यातच ठरून जाते, आणि आधी इंग्रजीसाठी कंट्रोल पूर्ण करून मागाहून त्याला मराठी जोडण्याचा बेत जवळजवळ नेहमीच फसतो.

सर्वांत सोपी गोष्ट उंचीची आहे. विंडोजमध्ये सेगो यूआय हा फॉन्ट निवडला तर त्यात देवनागरी चिन्हे नसल्यामुळे प्रणाली ती निर्मला यूआय या फॉन्टमधून घेते. विंडोज ८ च्या आधी हेच काम र. कृ. जोशी यांनी आरेखित केलेला मंगल हा फॉन्ट करत असे. चौकटीची उंची मात्र अनेकदा मूळ लॅटिन फॉन्टच्या मापावरून काढलेली असते. परिणामी ‘सहकर्मींना’ या शब्दातील रफार, वेलांटी आणि अनुस्वार यांची वरची गर्दी छाटली जाते, आणि ‘शत्रू’मधला दीर्घ ऊकार खालच्या रेषेत बुडतो. पडद्याचे प्रमाण १२५ किंवा १५० टक्के ठेवलेल्या लॅपटॉपवर अपूर्णांक कापले गेल्याने ही छाटणी आणखी वाढते. ओळीची उंची प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या फॉन्टवरून मोजावी, एवढाच यावर उपाय आहे.

खरी कसोटी कर्सरची असते. ‘स्त्री’ हा शब्द वाचणाऱ्याला एक अक्षर वाटतो, पण यूनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हाला ठरावीक क्रमांक (संकेत) देणाऱ्या पद्धतीत, तो स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशा सहा संकेतांनी साठवला जातो. मजकुराचे अक्षरगट कसे पाडावेत याचे यूनिकोडचे सर्वसाधारण नियम २०२३ पर्यंत, म्हणजे १५.१ ही आवृत्ती येईपर्यंत, हलन्तानंतर गट तोडत असत. त्यामुळे ते नियम जसेच्या तसे वापरणाऱ्या लायब्ररीत (आपल्या सॉफ्टवेअरमध्ये जोडायच्या तयार कोडमध्ये) ‘स्त्री’चे तीन तुकडे होत आणि बाणाची कळ दाबली की कर्सर जोडाक्षराच्या पोटात जाऊन थांबत असे. नव्या नियमाने देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतील जोडाक्षरे एकत्र राखली आहेत. तरीही हातातली लायब्ररी कोणत्या आवृत्तीच्या तक्त्यांवर चालते, हे प्रत्येक प्रकल्पाच्या सुरुवातीला तपासावेच लागते, कारण जुन्या लायब्ररी वर्षानुवर्षे वापरात राहतात.

बॅकस्पेस आणि डिलीट या कळांचे वागणे मुद्दाम वेगवेगळे ठेवलेले असते, हे अनेक तरुण सहकाऱ्यांना प्रथम चूकच वाटते. विंडोजच्या स्वतःच्या टेक्स्टबॉक्समध्ये बॅकस्पेस एकेक संकेत मागे घेते, म्हणजे ‘की’ लिहून वेलांटी चुकली असेल तर तेवढी वेलांटीच जाते; डिलीट मात्र कर्सरच्या पुढचे संपूर्ण अक्षर उचलते. टंकणाऱ्याला नुकतीच दाबलेली कळ मागे घ्यायची असते, आणि पुढचा मजकूर काढताना अर्धे अक्षर शिल्लक राहिलेले कोणालाच नको असते. हा विचारपूर्वक केलेला भेद आपल्या कंट्रोलमध्येही सांभाळला पाहिजे. अक्षरमर्यादेचाही येथेच विचार व्हावा. ‘मुख्याध्यापिका’ हा शब्द आपण पाच अक्षरांचा मोजतो, पण त्यात चौदा संकेत आहेत आणि यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत तो बेचाळीस बाइट व्यापतो. नावासाठी तीस ही मर्यादा ठेवताना ते तीस नेमके काय आहेत, याचा निर्णय टेक्स्टबॉक्स आणि डेटाबेस या दोघांनी मिळून घेतला नाही, तर लांब नावे मध्येच तुटतात.

रंगवण्याच्या बाबतीत एक सवय अगदी सोडून द्यावी लागते. निवडलेला मजकूर वेगळ्या रंगात दाखवण्यासाठी काही जण प्रत्येक संकेत सुटा रेखाटतात. इंग्रजीत ते खपून जाते, मराठीत मात्र ऱ्हस्व वेलांटी भलत्याच ठिकाणी पडते आणि जोडाक्षरे हलन्तासह उघडी पडतात. संपूर्ण ओळ डायरेक्टराइट किंवा हार्फबझ यांसारख्या अक्षरजुळणी करणाऱ्या इंजिनाकडे एकदम सोपवावी आणि कोणते अक्षर किती रुंदीचे झाले, हे त्यालाच विचारावे.

आता कळफलक. भारतीय लिप्यांसाठीची इन्स्क्रिप्ट ही कळांची मांडणी १९८६ साली प्रमाणित झाली आणि पुढे १९९१ च्या इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेतमानकातही तिचा समावेश झाला. या मांडणीत ‘त्र’, ‘ज्ञ’, ‘क्ष’ यांसाठी एकच कळ असते आणि तिच्यातून एकापाठोपाठ तीन संकेत येतात, त्यामुळे ‘एक कळ म्हणजे एक अक्षर’ असे धरून लिहिलेला कोड येथे अडखळतो. २०१९ मध्ये विंडोज १० सोबत आलेला मराठी फोनेटिक कळफलक याहून निराळा आहे. तो रोमन अक्षरे घेऊन शब्द जुळवतो आणि पर्यायांची लहान खिडकी दाखवतो. स्वतः बनवलेल्या टेक्स्टबॉक्सने कर्सर कुठे आहे हे प्रणालीला कळवले नाही, तर ती खिडकी पडद्याच्या भलत्याच कोपऱ्यात उघडते. म्हणूनच ग्रिडचे घर, म्हणजे तक्त्यातली एकेक चौकट, मी स्वतः रंगवतो, पण त्यात लिहिण्याची वेळ आली की त्या घरावर प्रणालीचा मूळ टेक्स्टबॉक्स आणून ठेवतो. हजारो ओळींसाठी असा एकच टेक्स्टबॉक्स पुरतो, आणि टंकलेखनाबरोबरच दृष्टिहीन कर्मचाऱ्यांना पडदा वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरचीही निदान लिहिण्यापुरती सोय होते. बाकीच्या घरांची माहिती मात्र यूआय ऑटोमेशन या विंडोजच्या सोयीद्वारे आपणच पुरवावी लागते, आणि ते काम कंटाळवाणे असले तरी टाळण्यासारखे नाही.

अडतीच्या दुकानात नोंद करणाऱ्याचा उजवा हात कळफलकाच्या अंकपट्टीवर असतो आणि डाव्या हाताखाली वजनाच्या चिठ्ठ्या असतात. वजन, दर, हमाली, तोलाई असे एकामागून एक भरत जाताना त्याला टॅबपर्यंत हात न्यायचा नसतो. एंटर दाबले की पुढच्या घरात जाता आले पाहिजे. विंडोजच्या रूढ पद्धतीनुसार एंटर हे खिडकीतील मुख्य बटण दाबण्यासाठी असते, त्यामुळे ही सोय पर्याय म्हणून द्यावी आणि ती ग्रिडपुरतीच ठेवावी. मला ही गोष्ट रंगसंगतीपेक्षा कितीतरी महत्त्वाची वाटते, कारण पहाटेपासून शेकडो नोंदी करणाऱ्याचे श्रम तिच्यामुळे थेट कमी होतात.

आकड्यांमध्ये दोन गोष्टी आहेत. रक्कम १२,३४,५६७ अशीच दिसली पाहिजे, आणि त्यासाठी डॉट नेट या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामिंग व्यवस्थेत अंकांच्या गटांची मापे तीन आणि मग दोन अशी देता येतात. दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. डॉट नेटमधील ‘हे चिन्ह अंक आहे का’ ही तपासणी देवनागरी अंकांनाही होकार देते, परंतु मजकुराचे पूर्णांकात रूपांतर करणारी क्रिया फक्त इंग्रजी अंक स्वीकारते. त्यामुळे केवळ पहिल्या तपासणीवर विसंबलेला कंट्रोल ‘१२५’ आनंदाने लिहू देतो आणि जतन करताना त्रुटी दाखवतो. आत येणारे देवनागरी अंक रूपांतरापूर्वीच बदलून घेणे हा यावरचा साधा मार्ग आहे.

शोधपेटीकडे मात्र सर्वाधिक लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. ‘कुऱ्हाडे’ या आडनावातील अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो: एकात ‘ऱ’ हा यूनिकोड ०९३१ क्रमांकाचा संकेत आणि हलन्त असतो, तर दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक (पडद्यावर न दिसणारे एक चिन्ह) असतो. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात; एकाच मजकुराची वेगवेगळी रूपे एकसारखी करणारे यूनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरण त्यांना एक करत नाही. शिवाय काही जण रफार देऊन ‘कुर्हाडे’ असेही टंकतात. पतसंस्थेच्या खिडकीसमोर उभ्या असलेल्या सभासदाचे खाते यामुळे ‘सापडत नाही’ असे सांगितले जाते, तेव्हा दोष लिपीचाही नसतो आणि कारकुनाचाही नसतो. म्हणून प्रत्येक नावासोबत शोधासाठी एक वेगळे रूप साठवावे आणि त्यात ही तिन्ही रूपे एक करावीत. मूळ नावाला मात्र हात लावू नये, कारण ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे मराठीत दोन निरनिराळे शब्द आहेत. शोधात दोन्ही समोर आले तर कारकून योग्य ते निवडू शकतो. पासबुकावर मात्र सभासदाने स्वतः लिहून दिलेलेच नाव छापले गेले पाहिजे.